पाण्यावरचा तास सोपा, धक्क्यापर्यंतचा अवघड: मुंबई ते मांडवा बोटीचा काही महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडाशी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझं मुलुंड-नागाव जाणं-येणं एकदम वाढलं. नागाव म्हणजे अलिबागच्या पलीकडे, पाच-सात किलोमीटरवर. तेव्हापासून मी बहुतेक वेळा बोटीनंच जाते. वॉकर, औषधं, गाद्या असलं सामान असेल तर गाडी घेऊन रो-रोनं, म्हणजे गाडीसकट चढता येतं त्या बोटीनं. एकटी असेन आणि गेटवेच्या बोटी चालू असतील तर तिथून. आणि क्वचित भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं. हिवाळ्यात आई आणि आत्या मुंबई-गोवा क्रूझला गेल्या, तेव्हा त्यांची पोहोचवापोहोचवीही माझ्याकडेच होती. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाण्यावरच्या तासाबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. वेळ जातो, पैसे जातात, मनस्ताप होतो तो दोन्ही काठांवर. बोटीचं तिकीट काढायला दोन मिनिटं लागतात. धक्क्यावर कसं पोहोचायचं आणि पलीकडे उतरल्यावर कशानं जायचं, याचा विचार मात्र आदल्या दिवशीच करून ठेवावा लागतो.

रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मार्च 2020मध्ये ती सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊनमुळे बंद पडली, त्यामुळे लोकांच्या सवयीची व्हायला तिला वेळच लागला. सुमारे दीडशे गाड्या आणि पाचशे माणसं मावतील एवढं मोठं जहाज आहे. मांडव्याला, म्हणजे अलिबागकडच्या धक्क्याला, पोहोचायला तासभर लागतो. रस्त्यानं पनवेल, पेण, वडखळ करत जायचं तर सरळ गेल्यास साडेतीन तास, आणि शुक्रवारी संध्याकाळी वडखळला अडकलात तर किती ते विचारू नका.

तरीही मुलुंड-ठाण्याकडच्यांनी हिशेब नीट करावा. घरातून धक्क्यापर्यंत यायलाच मला तास-सव्वा तास लागतो. बोटीच्या आधी निदान अर्धा-पाऊण तास तिथं असावं लागतं. मग पाण्यावरचा तास आणि मांडव्याहून पुढे अलिबागपर्यंत जवळपास वीस किलोमीटर. बेरीज केली तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे ऐरोली-पनवेल मार्गे निघालेली गाडी आणि बोट यांत फार फरक उरत नाही. शिवाय जानेवारी 2024मध्ये अटल सेतू झाल्यापासून शिवडी-परळकडच्यांसाठी रस्त्याचं गणितही बदललं आहे. पण शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ आणि जोडून सुट्ट्या आल्या की रो-रोला तोड नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बाबा. ताज्या ऑपरेशनचा पाय दुमडून तीन-चार तास गाडीत बसणं त्यांना शक्यच नव्हतं. बोटीत ते उठून चार पावलं चालू शकले. आजारी किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर मी डोळे मिटून बोट निवडीन.

भाऊच्या धक्क्याबद्दल थोडं. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ अजिंक्य, यांनी धक्का बांधला म्हणून हे नाव. आपल्या आजी-आजोबांची पिढी इथूनच बोटीत बसून हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ल्याला उतरायची. आज तिथं पोहोचताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की हे मुंबईतलं मोठं मासळी बंदर आहे. सकाळची बोट असेल तर तुमची गाडी बर्फाचे ट्रक, हातगाड्या आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणींच्या मधून जाते. रस्ता ओला आणि निसरडा असतो, बर्फ आणि खारं पाणी चाकांखाली वाहत असतं. चालत येणाऱ्यांनी गुळगुळीत तळाच्या चपला घालू नयेत. आणि उगाच हॉर्न वाजवू नये. ती माणसं पहाटेपासून कामावर असतात, त्या रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा आहे.

गाडीनं येणाऱ्यांना ईस्टर्न फ्रीवे सोयीचा. तो ऑरेंज गेटपाशी पी. डी'मेलो रोडवर उतरतो आणि तिथून धक्का जवळच आहे, पण ट्रकांमुळे हा शेवटचा तुकडाच कधी कधी वीस मिनिटं खातो. लोकलनं यायचं तर मध्य रेल्वेवाल्यांनी स्लो गाडीनं सँडहर्स्ट रोडला उतरावं, हार्बरवाल्यांना डॉकयार्ड रोडही चालेल. तिथून टॅक्सी करा. सामान नसेल तर चालतही जाता येतं, पण उन्हात आणि पावसात नको.

गाडी चढवतानाची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. खलाशी हाताच्या खुणेनं एकेक गाडी इतकी जवळ लावून घेतात की दोन गाड्यांमध्ये दार जेमतेम वीतभर उघडतं. तरुण माणूस कसाबसा निसटतो, गुडघ्याचा पेशंट नाही. म्हणून वयस्कर माणसांना गाडी चढवण्याआधीच उतरवून माणसांच्या वाटेनं पुढे पाठवा, सोबत कुणीतरी द्या, आणि जिने चढायला त्रास असेल तर रांगेतच कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा. पाणी, गोळ्या, चार्जर, शाल हे सगळं आधीच हातातल्या पिशवीत काढून घ्या, कारण मधेच गाडीपाशी परत जायचं म्हटलं तर जमत नाही. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. बुकिंगमध्ये टाकलेला गाडीचा नंबर एकदा ताडून पाहा. कुत्र्या-मांजरांना नेता येतं, त्यांचं वेगळं तिकीट असतं.

आता पाऊस. गेटवे-मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. रो-रो चालते, पण हवामानाच्या मर्जीनं. बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवेचा इशारा) लागला की सगळं थांबतं. त्यामुळे पावसाळ्यात मी रो-रोचं तिकीट काढते तेव्हा रस्त्यानं जायची तयारीही मनात ठेवते: गाडीत पेट्रोल भरलेलं, आणि अलिबागला ज्या वेळी पोहोचायचंच आहे त्याच्या आधी पाच तास हाताशी. डॉक्टरची अपॉइंटमेंट, लग्नाचा मुहूर्त, परतीचं विमान यांतलं काही असेल तर आदल्या दिवशीच निघा.

फेरी रद्द झाली की खिडकीवर भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की 17 जुलै 1947 आठवा. याच धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसात काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-रेवसकडच्या जुन्या घरांमध्ये अजून त्या दिवसाबद्दल बोललं जातं. माझ्या आजीकडून मी लहानपणी ऐकलं आहे. बोट सोडत नाहीत तेव्हा ते आपल्यासाठीच असतं.

गेटवेच्या बोटींचा मोठा फायदा म्हणजे तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. एकट्यादुकट्या माणसाला यापेक्षा सुटसुटीत काही नाही. फक्त तिकीट जपून ठेवा, बसमध्ये चढताना ते दाखवावं लागतं. बस अलिबागच्या एसटी स्टँडपाशी सोडते, तिथून नागाव, चौल, रेवदंड्याकडे जायला एसटी, रिक्षा मिळतात. गेटवेला गाडी लावायला जागा नाही हे गृहीत धरा. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून टॅक्सी घ्या. ऑक्टोबर 2025मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून अंधेरी-विमानतळाकडच्यांना हुतात्मा चौक स्टेशनवर उतरून पंधरा-वीस मिनिटांत चालत येता येतं. गेटवेपाशी सुरक्षेसाठी बॅगांची तपासणी होते, सुट्टीच्या दिवशी तिथं लांब रांग लागते, ती वेळ धरून निघा.

गेटवेला एक अडचण मात्र आहे, आणि ती म्हणजे पायऱ्या. ओहोटीला पाणी खाली जातं आणि शेवाळलेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. बोट हलत असते. कधी दोन बोटी शेजारी बांधलेल्या असतात आणि एकीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, तो हात धराच; फोन हातात ठेवून चढू नका. गुडघे दुखत असतील, तोल जात असेल तर गेटवे टाळा आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं जा, गाडी नसली तरी. रो-रो फक्त गाडीवाल्यांसाठी असते असं पुष्कळांना वाटतं, तसं काही नाही. पण त्या तिकिटात पुढची बस आहे का, हे बुकिंग करतानाच बघा.

लाइफ जॅकेटबद्दल मी हट्टानं लिहिणार आहे. डिसेंबर 2024मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं बुडाली. त्यानंतर जॅकेट घालणं सक्तीचं झालं. तरी मांडव्याच्या वाटेवर फोटो काढायला म्हणून ते काढून ठेवणारे दिसतात. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट सैल होतं, ते खांद्यावरून वर सरकतं. मुलाच्या मापाचं मागून घ्या आणि पट्टे ओढून बघा.

रेवसची लाँच सगळ्यात स्वस्त आणि रोजच्या माणसांची. पण खाडीत गाळ साचतो, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला फेऱ्या अडतात. भरती-ओहोटीची वेळ बघूनच तिकडे जा.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी: बोटीच्या मधोमध, शक्य तितकं खाली बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल बघू नका. अगदी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि मिसळ खाऊनही जाऊ नका. ॲव्होमिनची गोळी बोट सुटायच्या एक-दोन तास आधी घ्यावी लागते, उलटी व्हायला लागल्यावर फारसा उपयोग होत नाही. तिनं झोप येते, म्हणून पलीकडे उतरून गाडी चालवणार असाल तर घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळचं पाणी बहुधा शांत असतं. दुपारनंतर वारा वाढतो. आमच्या आत्याला रिक्षातसुद्धा मळमळतं, पण सकाळच्या फेरीत तिनं पूर्ण वेळ डेकवर उभं राहून घारापुरीचे डोंगर बघितले.

मांडव्याला उतरलं की सगळेच एकदम बाहेर पडतात. बस नसेल तर रिक्षा किंवा मिनिडोर, म्हणजे जास्त माणसं बसतील अशी मोठी रिक्षा. पूर्ण मिनिडोर करायची की सीट भरून जायचं ते बसायच्या आधी बोलून घ्या. चोंढी नाक्यावर शनिवार-रविवारी गाड्या तुंबतात, हे परतताना जास्त नडतं. रविवारी संध्याकाळच्या रो-रोची तिकिटं लवकर संपतात, म्हणून मी जातानाच परतीचं काढून ठेवते आणि नागावहून दोन तास आधी निघते. सोमवारी पहाटेची फेरी जमत असेल तर ती उत्तम.

क्रूझवाल्यांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण तो धक्काच वेगळा. मोठी जहाजं बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकच्या बाजूला लागतात. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025मध्ये झालं. मुंबई बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, ऑरेंज गेट, येलो गेट, पर्पल गेट. ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. आई आणि आत्याला घेऊन निघालेल्या ॲपच्या टॅक्सीवाल्यानं "डॉकचं गेट" म्हणून त्यांना ऑरेंज गेटलाच उतरवलं. दोन मोठ्या बॅगा, समोर कंटेनरची रांग, आणि आत्याचा मला रडवेला फोन. दुसरी टॅक्सी मिळेपर्यंत त्या फुटपाथवर उभ्या होत्या. जहाज चुकलं नाही, कारण आम्ही तीन तास हातात ठेवले होते. तेव्हा बोर्डिंग पासवर लिहिलेलं गेट ड्रायव्हरला बसतानाच सांगा आणि नकाशावर तोच बिंदू लावा. विमानानं येणाऱ्यांना टी-2पासून सीएसएमटीपर्यंत मेट्रो आणि तिथून टॅक्सी हा मार्ग भर ट्रॅफिकमध्ये सगळ्यात भरवशाचा.

ओळखपत्र मूळ प्रतच घ्या, फोनमधला फोटो चालेल असं धरून चालू नका. चेक-इनला दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला वेळ लागतो, म्हणून रक्तदाब-साखरेच्या गोळ्या हातातच हव्यात. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं. ते वास्कोजवळ आहे आणि पणजी तिथून सुमारे तीस किलोमीटर. चार-पाच तासांत पणजी, जुनं गोवं आणि समुद्रकिनारा हे सगळं होत नाही, एकच ठरवा. आई-आत्यांनी जुनं गोवं निवडलं, टॅक्सी जाऊन-येऊन एकाच माणसाची ठरवली, आणि जहाजावर परतायच्या वेळेच्या दीड तास आधी त्या बंदरात होत्या. उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

परतीला आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि औषधं बाजूला काढा. आत्याला बॅलार्ड पिअरहून थेट मांडव्याची रो-रो धरायची होती. अंतर तीन-चार किलोमीटरच, पी. डी'मेलो रोडनं सरळ, पण उतरायला आणि बॅगा मिळायला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. मी तिचं सकाळच्या फेरीऐवजी दुपारच्या फेरीचं तिकीट काढलं होतं; धक्क्यावर पोहोचून, चहा घेऊन, ती आरामात बोटीत बसली.