सीजे 3बी जीपच्या टी-90 गिअरबॉक्सचं किट: काय बसवावं, काय बाजूला ठेवावं

महिंद्राची जुनी पेट्रोल सीजे 3बी जीप पाच-दहा पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली की इंजिनाकडे सगळे आधी पाहतात, गिअरबॉक्सकडे कुणी पाहत नाही. ‘लोखंडाचा डबा आहे, त्याला काय होणार’ हा समज. प्रत्यक्षात तीन गिअरच्या टी-90 चं जास्त नुकसान उभ्या-उभ्याच होतं. त्यासाठी पांढऱ्या खोक्यात, कंपनीच्या नावाशिवाय मिळणाऱ्या ओव्हरहॉल किटबद्दल हे लिहितोय. त्यात दोन बॉल बेअरिंग, क्लस्टर गिअरच्या (काउंटर शाफ्टवर एकत्र फिरणाऱ्या गिअरांच्या गठ्ठ्याच्या) सुया म्हणजे बारीक रोलर आणि त्यांचे स्पेसर, थ्रस्ट वॉशर, दोन पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या), सिंक्रोच्या हबच्या तीन पट्ट्या आणि दोन स्प्रिंगा, सर्क्लिप आणि कागदी पॅकिंगचा संच येतो. किट घ्यावं, पण सगळं डोळे मिटून बसवू नये.

किट मागवण्याआधी तेल काढा. ड्रेन प्लग एकदम काढू नका, थोडा सैल करून थांबा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच थेंब-थेंब येतं. पाण्यामागून ताकासारखं पांढरट तेल आलं, तर क्लस्टरच्या खालच्या दातांवर गंज असणार हे धरून चाला. तेलाच्या पातळीच्या वरचा भाग वेगळ्या कारणाने गंजतो: रात्री थंड झालेल्या डब्यात आत दव धरतं. म्हणून पाणी न शिरलेल्या डब्यातही एकाच गिअरचे खालचे दात आरशासारखे आणि वरचे तांबूस, असं चित्र दिसतं. बोट फिरवल्यावर पुसला जाणारा तांबूस थर चालतो. नखाला खड्डा लागला तर तो गिअर बदलायचा. बेअरिंगच्या धावपट्टीवर (जिच्यावर गोळ्या फिरतात) असा एक खड्डा असला तरी ते बेअरिंग बाद, कारण तिथून पापुद्रे सुटायला लागतात.

आता खोलण्यातली एक गोष्ट, जी कित्येक गॅरेजमध्ये चुकते. मेन शाफ्टची मागची बाजू ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यात) शिरलेली असते. ट्रान्सफर केस मागे ओढली की शाफ्टही तिच्याबरोबर मागे सरकतो, सिंक्रोचं हब सुटतं आणि पट्ट्या-स्प्रिंगा डब्याच्या तळाला जातात. म्हणून वरची टोपी काढल्यावर सेकंड गिअरच्या लगेच मागे शाफ्टभोवती जाड तारेचा फास टाकायचा, टोपीचा पुढचा उजवा बोल्ट अर्धवट लावायचा आणि तार पीळ देऊन त्याला ताणून बांधायची. मग ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूचा मेन शाफ्टचा नट स्प्लिट पिन काढून सोडायचा, तिथला गिअर पुलरने काढायचा आणि मगच केस वेगळी करायची.

किटमधली बॉल बेअरिंग चांगली निघाली. हातात फिरवली तर खरखर नाही, बाजूचा प्ले (ढिलेपणा) कमी. सुयाही ठीक आहेत, पण त्या मायक्रोमीटरवर मोजाच. एका ओळीतल्या सगळ्या सुया सारख्या जाडीच्या हव्यात. जुन्या चांगल्या दिसतात म्हणून नव्यांत मिसळल्या, तर सगळा भार जाड सुयांवर येतो आणि काउंटर शाफ्टवर तेवढ्याच रेघा पडतात. शाफ्टवर आधीच अशा रेघा असतील तर नव्या सुयांचा काही उपयोग नाही, शाफ्टही नवा लागेल. तो किटमध्ये नसतो, वेगळा मागवावा लागतो.

पितळी रिंगांच्या बाबतीत किट कमी पडतं. फर्स्टला आणि रिव्हर्सला सिंक्रो नाही, रिंगा फक्त सेकंड आणि थर्डसाठी आहेत, त्यामुळे दोन्हींनी नीट पकडलं पाहिजे. तपासायची पद्धत सोपी: गिअरचा कोन (रिंग बसते तो निमुळता भाग) पुसून कोरडा करा, रिंग हाताने दाबून बसवा आणि फिरवून पाहा. चांगली रिंग दाबताच पकडते. खोक्यातल्या एकीने पकडलं, दुसरी साबण लावल्यासारखी घसरली. आतल्या बारीक आट्या धारदार नाहीत, टोकं चपटी आहेत. या आट्यांचं काम तेलाचा थर कापायचं. तो कापला गेला नाही तर रिंग गिअरचा वेग धरत नाही आणि सेकंड टाकताना कर्रर्र आवाज येतो. अशी रिंग पेस्ट लावून घासू नका, बदलून घ्या. जुनी रिंग कोनावर चिकटली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, कोनावर ओरखडा पडतो. रात्रभर डिझेलमध्ये ठेवा आणि सकाळी लाकडाच्या ठोकळ्याने हलकं ठोका.

सगळ्यात मोठी तक्रार मागच्या थ्रस्ट वॉशरची. क्लस्टर गिअरचा पुढे-मागे प्ले 12 ते 18 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण 0.30 ते 0.46 मिमी हवा. तो साधायला मागचा स्टीलचा वॉशर दोन जाड्यांमध्ये असतो: 0.0555 इंच आणि 0.0625 इंच. किटमध्ये एकच येतो, तोही पातळ. डब्याची आतली बाजू घासलेली असेल तर प्ले सरळ 20 थाऊच्या वर जातो. मग क्लस्टर मागे-पुढे पळतो, दात पूर्ण रुंदीवर भिडत नाहीत आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सेकंड गिअर उडतो, म्हणजे आपोआप सुटतो. पुष्कळ मिस्त्री अशा वेळी टोपीतल्या गोळी-स्प्रिंगा बदलत बसतात. स्प्रिंगा बघाव्यातच, पण आधी फिलर गेज घालून हा प्ले मोजा.

जोडताना काउंटर शाफ्टच्या जाडीची, क्लस्टरपेक्षा किंचित आखूड अशी नकली दांडी लेथवर करून घ्या. क्लस्टरमध्ये ती घालून सुया ग्रीसने चिकटवा. ग्रीस हलकं हवं, व्हॅसलीनही चालतं. चाकाचं घट्ट ग्रीस तेलात लवकर विरघळत नाही आणि सुयांना तेल मिळेपर्यंत वेळ जातो. क्लस्टर आधी तळाला झोपवा, मग मेन शाफ्ट आणि पुढचा ड्राइव्ह गिअर बसवा. ड्राइव्ह गिअरच्या पोटातले रोलरही ग्रीसनेच धरतात. त्यातला एखादा खाली पडला तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं, म्हणून बसवताना मोजा आणि बसवल्यावर बॅटरी मारून बघा. मग क्लस्टर उचलून वॉशर जागेवर आणा आणि खरा काउंटर शाफ्ट मागून ठोकत नकली दांडी पुढे काढा. त्याची खाच आणि रिव्हर्स आयडलरच्या शाफ्टची खाच समोरासमोर आली पाहिजे, दोन्हींत मिळून एकच लॉक पट्टी बसते.

पॅकिंगचा कागद बरा आहे, पण पुढच्या बेअरिंगच्या टोपीचं पॅकिंग आधी कोरडं लावून पाहा. टोपीतून तेल परत डब्यात यायला खाच आहे. किटमधल्या पॅकिंगचा छेद तिच्यावर बरोबर येत नव्हता, कात्रीने वाढवावा लागला. ती वाट बुजली, पॅकिंगने किंवा भरमसाट सिलिकॉनने, तर तेल क्लचवर जातं आणि लोक नवी क्लच प्लेट टाकून मोकळे होतात.

तेल 90 नंबरचं, जीएल-4 दर्जाचं. जीएल-5 मधला गंधकाचा मसाला पितळी रिंगा खातो, म्हणून टाळा. लेव्हल प्लगच्या भोकापर्यंत भरा, तिन्ही गिअर आणि रिव्हर्स हाताने फिरवून पाहा आणि पहिलं तेल 300 किमीला बदला. निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात धरा. पितळेची अगदी बारीक चमक नव्या रिंगांची असते, ती चालते. लोखंडाची कपची दिसली तर वरची टोपी परत काढा.