अँबू बॅगचा पीप व्हॉल्व्ह: रेफरच्या पेशंटसोबत हवाच

बीड-जालन्याहून घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा हिंगोली-परभणीहून नांदेडला निघालेला, श्वासनळीत ट्यूब असलेला पेशंट वाटेत अँबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) असेल, तर पीप व्हॉल्व्ह हा प्लास्टिकचा छोटासा भाग सोबत हवाच. आयसीयूत व्हेंटिलेटरवर ८ किंवा १० सेंटीमीटर पाण्याइतका पीप, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेला दाब, चालू असतो. नुसती बॅग जोडली की तो शून्यावर येतो. सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरतं, सगळे ऑक्सिजनचा फ्लो वाढवत बसतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

उच्छ्वासाच्या शेवटी थोडा दाब अडवून धरणं, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. तो दाब गेला की उताण्या पेशंटचे पाठीकडचे वायुकोश मिटतात. शंभर टक्के ऑक्सिजनवर आणखी लवकर, कारण वायुकोश उघडे ठेवणारा नायट्रोजन उरत नाही आणि ऑक्सिजन रक्तात शोषला जातो. मिटलेल्या भागातलं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. ते कमी व्हावं म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. पण मिटलेला भाग मोठा असेल तर फुप्फुसातून रक्त ढकलणंच जड होतं. हृदयाच्या उजव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत पातळ, तिला हा भार झेपत नाही. ती फुगते, मधला पडदा डावीकडे सरकतो, डाव्या जवनिकेत रक्त कमी भरतं आणि बीपी पडतो. वाटेत पडलेला बीपी दर वेळी सलाईनने सुधारतोच असं नाही, ते यामुळे.

पीप फार चढवला तरी बीपी पडतोच: ताणलेल्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या दबतात आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. म्हणून व्हेंटिलेटरवर होता तेवढाच ठेवा. मण्यार चावलेल्या, फुप्फुसं चांगली असलेल्या पेशंटला ५ सहसा पुरतो. रक्तस्राव झालेला, दम्यात हवा अडकलेली किंवा छातीत नळी न टाकलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) असेल, तर लावू नका.

आता वस्तूविषयी. साधारण ५ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाचे, स्प्रिंगचे व्हॉल्व्ह मिळतात. टोपी फिरवून दाब ठरवायचा. टोपीवरच्या आकड्यावर विसंबू नका, टेस्ट लंग (चाचणीचं नकली फुप्फुस) आणि मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून बघा. घेताना आपली बॅग सोबत न्या. व्हॉल्व्ह उच्छ्वासाच्या ३० मिलिमीटरच्या तोंडावर बसतो. काही जुन्या बॅगांना ते तोंडच नसतं, तिथे अडॅप्टर लागतो.

उणिवा आहेत. ट्यूबचा कफ (श्वासनळीत ट्यूबभोवती फुगवलेला फुगा) गळत असेल तर दोन श्वासांमध्ये दाब उतरतो. पेशंट स्वतः श्वास ओढत असेल तर पीप टिकत नाही. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत ट्यूबमधून फेस येतो, तो आतल्या चकतीला चिकटतो. छाती खाली बसत नाहीशी वाटली की आधी व्हॉल्व्ह काढा, मग कारण शोधा. एकदाच वापरायचा असेल तर धुऊन पुन्हा लावू नका.

व्हेंटिलेटरवरून बॅगवर घेताना व्हॉल्व्ह बसवून, ऑक्सिजन १० ते १५ लिटरवर सुरू करून बॅग तयार ठेवा. पेशंट स्वतः श्वास घेत नसेल तर श्वास भरलेला असताना ट्यूबला क्लॅम्प लावा, बॅग जोडा, क्लॅम्प लगेच काढा. आत तारेचं वेटोळं असलेल्या ट्यूबला क्लॅम्प लावायचा नाही. ती एकदा चेपली की पुन्हा उघडत नाही.