मुंबई महापालिका कायदा 1888, बेअर अ‍ॅक्ट: तळटीपांसाठी तरी घ्याच

बेअर अ‍ॅक्ट म्हणजे भाष्य नसलेला नुसता मूळ कायदा, त्याची ही कॉपी फोर्टात लॉ बुक्सच्या एका दुकानातून घेतली, डिस्काउंट जाऊन पाचशेच्या आतबाहेर पडली. मी वकील नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, 351 ची (बेकायदा बांधकामाची) नोटीस, 354 ची (धोकादायक इमारतीची) नोटीस असं सारखं कानावर पडायचं म्हणून म्हटलं एकदा मूळ कायदाच घरात आणू. आणला त्या कामासाठी आणि गेले दोन महिने त्यात वाचतोय भलतंच, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात शहराच्या लोकांच्या हाती सत्ता दिली ती नेमकी किती दिली.

आधी वस्तूबद्दल. कागद पातळ, मागच्या पानाची छपाई दिसते. टाइप बारीक. सूची अगदीच तोकडी, घनकचरा शोधायला गेलात तर स्वतःच पानं चाळायची. बायंडिंग चांगलं आहे, रोज उघडतोय तरी एक पान सुटलेलं नाही. भाषा जुनी इंग्रजी, एकेक वाक्य अर्धं पान चालतं, दोनदा वाचलं की कळतं.

पण तळटीपा! दुरुस्त्यांच्या टीपा ठेवल्यात या कॉपीत, आणि खरा माल तिथेच आहे. कलम 64 उघडा. पोटकलम 2 म्हणतं शहराचा कारभार कॉर्पोरेशनकडे, म्हणजे नगरसेवकांच्या सभेकडे. लगेच खाली 3 म्हणतं कायदा राबवायची सगळी कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे. आता मागे 54 वर या, आयुक्त नेमणार राज्य सरकार. त्या 'राज्य सरकार'वर बारीक आकडा आहे, खाली टीप, 1950 च्या आदेशाने हे शब्द 'प्रांतिक सरकार'च्या जागी घातले. मी त्या टीपेवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. साहेब गेला, टोपी बदलली, नेमणूक वरूनच राहिली.

हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं आणि पुस्तकात ते नाही, प्रस्तावनेची दोन पानं दिली असती तर काय बिघडलं असतं. 1865 च्या कायद्यात सगळा कारभार सरकारनेच नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद दंडाधिकाऱ्यांकडे होता आणि अंमल आयुक्त आर्थर क्रॉफर्डकडे. माणसाने काम केलं, क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच काळातलं, पण खर्च हाताबाहेर गेला आणि 1871 मध्ये करदाते उठले. तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं, आयुक्त नकोच, कमिटी बसवा. विशीतले फिरोजशहा मेहता उलट बोलले, अंमलबजावणीला एकच जबाबदार माणूस असू द्या आणि तो सरकारने नेमला तरी चालेल, पण त्याचा हिशोब मागणारे लोकांनी निवडलेले हवेत. मला हे वाचून धक्काच बसला होता, कारण आज आपण ज्या रचनेवर चिडतो तिची बाजू त्यांनीच घेतलेली. पण त्यांचा सगळा भर हिशोबावर होता हे विसरू नका.

1872 च्या कायद्याने 64 सभासद झाले, त्यातले 32 करदात्यांनी निवडायचे, आणि मत कोणाला, तर वर्षाला 50 रुपये कर भरणाऱ्याला. 1888 ला 72 पैकी 36 वॉर्डांतून आले. फिरोजशहा आणि कायदेपंडित काशिनाथ त्रिंबक तेलंग दोघेही तेव्हा कायदे कौन्सिलात होते, त्यांनी या बिलावर हट्टाने काम केलं. बजेट मंजूर करायची ताकद सभेकडे राहिली. आणि 54 मध्येच एक हत्यार आहे, एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश लोकांनी ठरवलं तर सरकारला आयुक्त काढावाच लागतो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला पाच अष्टमांश माणसं नुसती हजर राहतील का, मग कळतं हे किती अवघड आहे ते.

माझे पणजोबा गिरगावात चाळीत राहायचे. 1922 ला महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्यालाही मत मिळालं, त्यांच्या खोलीचं भाडं त्याहून कमी, म्हणून ते बाहेरच. सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते थेट 1948 च्या निवडणुकीत. आजी म्हणायची, त्या दिवशी चाळीतल्या बायका नऊवारी नेसून रांगेत उभ्या होत्या. म्हणून मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच, म्हणजे आयुक्तच, सगळं बघत होता, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. कलम 64 मधली दोन्ही पोटकलमं एकाच खुर्चीत बसली होती.

घेताना एवढंच बघा, स्वस्तातल्या छोट्या आवृत्तीत तळटीपा कापलेल्या असतात. दुकानातच 54 वं कलम उघडून 'प्रांतिक सरकार'ची टीप आहे का ते तपासा, नसेल तर दुसरी कॉपी मागा. पाचपैकी चार स्टार, एक सूचीसाठी कापला.