जुन्या होंडा सिटी सीव्हीटीला मॅन्युअल गिअरबॉक्स: म्हापशातल्या एका गॅरेजच्या कामाचं परीक्षण

2005 ते 2008 या काळातली सिटी झेडएक्स गोव्यात अजून बरीच दिसते. तिचं 1.5 लिटरचं आयडीएसआय इंजिन सहज दगा देत नाही. सीव्हीटी, म्हणजे बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांचं दुखणं त्या गिअरबॉक्सचंच. गाडी थांबून निघताना थरथरते, मग खेचणं कमी होतं आणि शेवटी पर्वरीच्या चढावर आरपीएम चढतो, गाडी मात्र जागची हलत नाही. अशा गाड्या मॅन्युअल करून देणारं एक गॅरेज म्हापशात आहे, त्याच्या कामाबद्दल हे लिखाण. मेकॅनिकल कामाला पाचपैकी साडेचार, वायरिंगला तीन, कागदपत्रांच्या सल्ल्याला एक.

काम अंगावर घेण्याआधी हे लोक थरथर नेमकी कशाची आहे ते तपासतात, ही पहिली जमेची बाजू. या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नाही. गाडी उठते ती आतल्या स्टार्ट क्लचवर, आणि जुन्या ऑइलमुळे तोच क्लच थरथरतो. त्यामुळे आधी होंडाचं सीव्हीटीसाठीचं एचएमएमएफ ऑइल बदलून, स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन करून पाहतात. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुधारतात आणि मालक मोठ्या खर्चातून वाचतो. साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतून आणलेल्या गाडीचं मात्र फारसं काही उरलेलं नसतं. ऑइलमध्ये धातूचा चुरा असेल किंवा बेल्ट घसरत असेल, तरच मॅन्युअलचा विषय काढावा.

नुसता गिअरबॉक्स आणून दिला तर ते काम घेत नाहीत. त्याच मॉडेलची ठोकलेली मॅन्युअल गाडी किंवा तिचा पूर्ण सेट मागतात. यात आडमुठेपणा काही नाही. सीव्हीटीचा फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाची जड चकती) क्लच प्लेटसाठी बनलेलाच नाही. म्हणून फ्लायव्हील त्याच्या बोल्टसह, स्टार्टर, दोन्ही एक्सल, डावं माउंटिंग आणि ब्रॅकेट, क्लच पेडलसह पेडल बॉक्स, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, त्यांची पाइप, गिअर लिव्हर, दोन्ही शिफ्ट केबल, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) हे सगळं एकाच गाडीचं हवं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून सुटे भाग जमवले की एखादा बोल्ट आखूड निघतो नाहीतर एक्सलची लांबी चुकते. मग चार दिवसांचं काम तीन आठवडे रेंगाळतं.

जुनं चालेल आणि नवंच हवं, यातली रेघ गॅरेज बरोबर ओढतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचा मागचा ऑइल सील, दोन्ही एक्सल सील आणि एक्सलचे लॉक नवेच घालतात. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर घासून घेतात. गिअरबॉक्स चढवताना तो इंजिनला सरळ बसवणाऱ्या डॉवेल पिन जागेवर आहेत का ते दोघं जण पाहतात. पिना नसतील तर गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि नवी क्लच प्लेट थरथरायला लागते. म्हणजे ज्या रोगासाठी एवढा खटाटोप केला, तोच परत दारात. तसंच गिअरबॉक्सचं वजन क्लच प्लेटच्या स्प्लाइनवर (मधल्या खाचांवर) लोंबकळू देत नाहीत, खालून जॅक लावूनच सरळ आत सरकवतात. गिअर ऑइल म्हणून होंडाचं एमटीएफ साधारण दीड लिटर जातं. लेव्हलच्या भोकातून ओघळायला लागलं की भरणं थांबवतात.

फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं कामही नीट करतात. पेडल बॉक्स जागेवर धरून पाहिल्याशिवाय ड्रिलला हात लावत नाहीत, आणि पाडलेल्या भोकाची कड झिंक प्रायमर मारून रबराने बंद करतात. इथल्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एक पावसाळाही काढत नाही.

वायरिंगला गुण कमी दिले त्याचं कारण आहे. जुना सीव्हीटीचा ईसीयू तसाच ठेवून, गाडी कायम पार्कमध्ये आहे असा खोटा सिग्नल देण्याचा स्वस्त पर्याय इथेही सुचवला जातो. इंजिन चालू होतं खरं, पण चेक इंजिनचा दिवा विझत नाही, मीटरमधला डी लुकलुकत राहतो आणि आयडलिंग वर-खाली होतं. पुढे खरा बिघाड झाला तर तो दिवा सांगणार तरी काय? मॅन्युअलचा ईसीयू, इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) आणि त्याची किल्ली असा जुळणारा सेट बसवायला सांगा. नुसता ईसीयू आणला तर किल्ली ओळखली जात नाही आणि गाडी चालूच होत नाही. रिव्हर्सचे दिवे लागतात का आणि क्लच स्विच काम करतो का, हे स्वतः पाहून घ्या. ही दोन कामं सांगितल्याशिवाय होत नाहीत.

गाडी ताब्यात घेण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. मांडवीच्या पुलावरून पर्वरीचा चढ चढताना चौथा गिअर टाकून कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेग न वाढता नुसता आरपीएम वाढला तर क्लच घसरतोय. मग पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर गाडीचं तोंड उताराकडे करून थांबा, हॅन्डब्रेक सोडा आणि रिव्हर्समध्ये चढवा. थरथर असेल तर तिथे लपत नाही. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर लाइनमध्ये हवा राहिली आहे, स्लेव्ह सिलिंडरवरून ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं, परत करायला लावा. पहिले पाचशे किलोमीटर क्लच बसेपर्यंत घाट आणि भरलेली गाडी टाळा, अनमोड घाटात नंतर जाता येईल.

कागदपत्रांबद्दल गॅरेजचं उत्तर एकच, 'काही लागत नाही.' हे खरं धरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. आरसीवर मॉडेलच्या नावापुढे सीव्हीटी छापलेलं असेल तर कामाला हात लावण्याआधी आरटीओत विचारा. या वयाच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली आहे, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावीच लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवा. पॉलिसीवर ऑटोमॅटिक व्हेरिएंट आणि अपघातानंतर पाहणीला आलेल्या माणसासमोर तीन पेडल, असा क्लेम अडकायला वेळ लागत नाही.

मजुरी, सुटे भाग आणि फ्लायव्हील घासणं यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. उतरवलेली सीव्हीटी आणि जुना ईसीयू कोणाचा, हेही त्याच कागदावर यायला हवं. न विचारल्यास ते गॅरेजमध्येच राहतात, आणि चालू ईसीयूला गिऱ्हाईक मिळतं.