व्हायरसटोटल: रिटर्नच्या हंगामात वापरताना

इचलकरंजीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी काम करते. जुलै आला की मेलचा नुसता पाऊस पडतो. फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंटं, सूत खरेदीची बिलं, सगळं एकाच इनबॉक्समध्ये येतं. त्यात एखादी घातकी फाईल मिसळली तर पक्षकारांची सगळी कागदपत्रं धोक्यात येतील, ही धास्ती मला कायम असते. म्हणून व्हायरसटोटल वापरायला लागले. आता दोन हंगाम झाले.

ही सेवा २००४ साली स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झाली आणि २०१२ मध्ये गुगलने घेतली. पैसे पडत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. संशय असलेली फाईल किंवा लिंक द्यायची, की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस तिच्याबद्दल काय सांगतात ते एकाच पानावर दिसतं. ६५० एमबीपर्यंतची फाईल चालते, म्हणजे आमच्यासारख्यांना भरपूरच.

मला जास्त उपयोग होतो तो लिंक तपासायला. ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खात्याची खातरजमा करा’ असे मेल पक्षकार आम्हाला पाठवतात आणि ‘ताई, हे खरं का?’ म्हणून विचारतात. लिंकवर बोट न टेकवता उजव्या क्लिकने ती कॉपी करायची आणि यूआरएलच्या रकान्यात टाकायची. त्याआधी पत्ता मात्र मी स्वतः वाचते. आयकर खात्याचं पोर्टल ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे. नकली पत्त्यात हेच शब्द सुरुवातीला घातलेले असतात, पण ‘एचटीटीपीएस’मागच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा शेवट भलताच असतो. ही सवय हवीच, कारण आज सकाळी तयार केलेलं फसवं पान अजून कुणाच्याच यादीत नसतं. तिथे शून्य दिसलं म्हणजे ‘अजून कुणी पकडलेलं नाही’ एवढाच अर्थ घ्यायचा.

हे मला गेल्या जुलैत नीट कळलं. सुताच्या एका जुन्या व्यापाऱ्यांकडून मेल आला, पत्ता त्यांचाच. सोबत ‘थकीत बिल’ नावाची झिप फाईल, आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. व्हायरसटोटलवर निकाल शून्य. फाईलला कुलूप असेल तर किल्लीशिवाय आतलं दिसणार कसं? मेल पाठवणाऱ्याने पासवर्ड घातला होता तो त्यासाठीच. मी झिप न सोडवता आतली नावं पाहिली, ती पासवर्ड नसतानाही दिसतात. नावात पीडीएफ होतं, पण त्याच्यापुढे डॉट ईएक्सई, म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. विंडोज शेवटची ही शेपटी एरवी लपवून ठेवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा प्रेमपत्राच्या नावामागची व्हीबीएस ही शेपटी अशीच लपलेली होती.

मी लगेच शेठजींना फोन लावला. ‘आम्ही काहीच पाठवलं नाही,’ म्हणाले. त्यांचा मेलच दुसऱ्याच्या हातात गेला होता. पासवर्ड बदलून, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून दिली. सेटिंगमध्ये त्यांचे सगळे मेल एका अनोळखी पत्त्यावर परस्पर जात होते, तेही बंद केलं. नुसता पासवर्ड बदलून थांबलो असतो तर ही गळती चालूच राहिली असती.

एक गोष्ट प्रत्येक कर सल्लागाराने, वकिलाने आणि डॉक्टरने वापरण्याआधी वाचावी. इथे दिलेली फाईल सुरक्षेचं काम करणाऱ्या इतर कंपन्यांपर्यंत जाते. वैयक्तिक माहिती देऊ नका, असं त्या पानावरच लिहिलेलं आहे. मी ते न वाचता पहिल्याच आठवड्यात एका पक्षकाराचा ताळेबंद चढवला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि त्या पक्षकारांना मी ते सांगितलंही. पासवर्ड बदलण्यासाठी आलेली लिंकही इथे टाकू नये, तीही अशीच इतरांपर्यंत जाते.

यावर चांगला उपाय आहे. फाईल फक्त उतरवून घ्यायची, उघडायची नाही. सेव्हन-झिप हे झिप फाईली सोडवायचं सॉफ्टवेअर असेल तर फाईलवरच्या उजव्या क्लिकमध्ये एसएचए-२५६ चा पर्याय मिळतो. त्यातून फाईलचा ६४ अक्षरांचा ठसा निघतो, बोटाच्या ठशासारखी तिची ओळख. तो ‘सर्च’मध्ये टाकला, की तीच फाईल आधी कुणी तपासली असेल तर निकाल मिळतो, आणि आपला कागद आपल्याकडेच राहतो. काहीच सापडलं नाही तर पाठवणाऱ्याला फोन, तोही आमच्या डायरीतल्या नंबरवर, मेलमध्ये छापलेल्या नाही.

सत्तरपैकी एखाद-दुसराच लाल दिसला तर मी घाबरत नाही, चांगल्या फाईलवरही कधी असा शेरा येतो. पाच-सहा मोठी नावं लाल झाली की मात्र मेल तिथेच संपतो. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवलं. ठसा कसा काढायचा ते लिहिलेला कागद त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे.