दोन वर्षांच्या पोराचं तिकीट

स्कॅनरने ‘पीं’ केलं आणि लाल दिवा लागला. मला वाटलं, मोबाइलच्या काचेवर ऊन पडलंय म्हणून वाचता येत नसेल. हाताचा आडोसा धरून पुन्हा दाखवला. पुन्हा पीं. गेटवरच्या मुलीने तिच्याकडची स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘तिकीट वापरले आहे. वेळ ८.५२.’ आत्ता दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ८.५२ला मी गाडीच्या मागच्या सीटवर धाकट्याचा डायपर बदलत होते.

नवऱ्याचं तिकीट, सासूबाईंचं, थोरलीचं, सगळ्यांवर तेच. धाकट्याच्या ‘टॉडलर पास’वर तर यंत्र नुसतंच गप्प. त्या चौकोनात वाचण्यासारखं काही नव्हतंच, कुठून तरी उचललेलं चित्र होतं. मागची रांग चुळबुळायला लागली. ‘बाजूला व्हा प्लीज,’ ती मुलगी म्हणाली. उद्धटपणे नाही, पण दिवसातून दहा वेळा म्हणत असावी अशा सवयीने. थोरली आठवडाभर उशीखाली टोपी घेऊन झोपत होती. ती गेटच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि काही केल्या सोडेना.

आता हे झालं कसं ते सांगते, कारण मी स्वतःला बऱ्यापैकी शहाणी समजत होते.

रात्री साडेअकराला, धाकटा खांद्यावर झोपलेला असताना, एका हाताने फोनवर पार्कचं नाव आणि पुढे ‘तिकीट’ असं टाइप केलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. वरच्या ओळीत बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे कोणीतरी पैसे मोजून मिळवलेली जागा. ती जागा पार्कनेच घेतलेली असते असं काही नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रात्री साडेअकराला एका हाताने ते आठवणं वेगळं. पान अगदी पार्कच्या साइटसारखंच होतं. तोच लोगो, तेच फोटो, वर पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्हसुद्धा. त्या कुलपाबद्दल आपल्याला उगाच भरवसा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे जातंय ते वाटेत कोणी वाचू शकत नाही. साइट कोणाची आहे, चोराची की सावाची, याच्याशी कुलपाचा संबंध नाही. चोरालाही ते फुकट मिळतं.

पत्त्यात पार्कचं नाव होतं, पण सुरुवातीला. मग एक टिंब, मग ‘फॅमिली-तिकीट’ असं काहीतरी, आणि शेवटी डॉट कॉम. नंतर एका मैत्रिणीने समजावलं, की पत्ता उलटा वाचायचा. डॉट कॉमच्या लगेच आधी जे असतं तो घरमालक. त्याच्याही आधी टिंब देऊन जे लिहिलंय ते त्याने आपल्या घरातल्या खोलीला दिलेलं नाव. खोलीला तो कोणाचंही नाव देऊ शकतो. डोमेन, म्हणजे हा घरमालकाचा पत्ता, कधी नोंदवलं ते पाहायची सोय असते, तिने तिथल्या तिथे पाहिलं. एकोणीस दिवसांपूर्वी. पार्क माझ्या लग्नाच्या आधीपासून उभं आहे.

पण खरी मेख साइटमध्ये नव्हती, गप्पांमध्ये होती. कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली आणि समोरच्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, मुलं किती वर्षांची?’ मी लिहिलं, एक पावणेचार, एक दोन वर्षं दोन महिने. त्याच्यावर त्याचं उत्तर असं होतं, की मी विरघळलेच. ‘अरे वा, मग रांगेत उभं राहणं तुम्हाला जमणारच नाही. छोटा दुपारी किती वाजता झोपतो?’

कोणी विचारतं का हो हे? घरातली माणसं विचारत नाहीत. मी अगदी सविस्तर सांगितलं. एक ते अडीच झोप, बाबागाडीत झोपतो, मांडीवर नाही. त्याने त्याप्रमाणे दिवस आखून दिला. सकाळी ही राइड, मग ती, झोपेच्या वेळेला सावलीतला कोपरा. आणि त्यात हळूच बसवला ‘टॉडलर प्लॅटिनम पास’. रांग नाही, बाबागाडी मोफत, ‘उंचीच्या अटीत सवलत’. मी विचारलंसुद्धा, की इतक्या लहान मुलांना तिकीट नसतं ना? उत्तर तयार होतं. ‘एंट्री फ्री आहे मॅडम, पण रिस्टबँड कंपल्सरी. तो आधी बुक केला नाही तर गेटवर थांबवतात.’

याला म्हणतात निम्मं खरं. पुष्कळ पार्कांत लहानग्यांना तिकीट नसतंच. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि पॅरिसच्या डिस्ने पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, टोकियोत तर तीन वर्षांचंही फुकट जातं. काही ठिकाणी वयाऐवजी उंची पाहतात, दाराशी रंगवलेली पट्टी असते, तिच्यासमोर मूल उभं करायचं. म्हणजे मला त्याने फुकटची वस्तू विकली. ‘उंचीच्या अटीत सवलत’ ही तर शुद्ध लोणकढी. ती अट तिकिटाची नसतेच. राइडमध्ये मांडीवर किंवा खांद्यावर येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीराला धरतो, त्याहून लहान जीव त्याखालून निसटू शकतो, म्हणून ती अट. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्पेस माउंटन राइडला ११२ सेंमी लागतात, तर लागतातच. कुठलाही पास पोराला दहा सेंमी वाढवत नाही. ज्या क्षणी त्याने ‘सवलत’ म्हटलं त्या क्षणी मी फोन ठेवायला हवा होता. उलट मला वाटलं, किती सोय करतात!

रांग टाळायचंही तसंच. मूल बसू शकत नाही अशा राइडला आई-बाबांपैकी एकाने रांग लावायची, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर थांबायचं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग नाही. डिस्नेकडे याला ‘रायडर स्विच’ म्हणतात, युनिव्हर्सलकडे ‘चाइल्ड स्वॅप’. जास्तीचे पैसे पडत नाहीत, राइडच्या तोंडाशी उभ्या माणसाला विचारायचं. पैसे मोजून रांग वाचवायचे पास खरेही असतात, पण ते पार्क स्वतः विकतं.

पैसे भरताना कार्डाचं पान ‘तांत्रिक अडचण’ दाखवू लागलं. मग चॅटवाल्याने खात्याचा क्यूआर पाठवला. नाव एका व्यक्तीचं. मी विचारलं तर म्हणे, ‘आमच्या अकाउंट मॅनेजरचं आहे.’ सवलत मुळीच अचाट नव्हती, हे मुद्दाम सांगते. निम्म्यात तिकीट म्हटलं असतं तर मी सावध झाले असते. त्याने जेमतेम इतकीच सूट दिली, की बाबागाडीचं भाडं सुटावं. आणि कार्ड बंद पाडण्यातली गोम बँकेत गेल्यावर कळली. कार्डाने दिलेल्या पैशावर बँकेकडे वाद घालता येतो, माल मिळाला नाही म्हणून. आपण होऊन खात्यात टाकलेले पैसे म्हणजे स्वखुशीने दिलेले. समोरचं खातं रिकामं व्हायच्या आत ते गोठवलं गेलं तरच काही आशा.

त्यानंतर त्याने मागितले मुलांचे जन्मदाखले. ‘एज व्हेरिफिकेशन.’ मी पाठवले. दोघांचे. फोटोसकट. पैशाचं दुःख पंधरा दिवसांत ओसरलं. हे अजून पहाटे आठवतं. वयाचा दाखला पाहायचाच असेल तर गेटवर पाहतात, हातात घेऊन, आणि परत देतात.

तिकिटं आली. चार क्यूआर, आमची नावं, तारीख, सगळं. नावं छापणं काय, कोणीही छापेल. आत जे कोड होते ते खरे असावेत असा गेटवाल्यांचा अंदाज. कोणीतरी खरी चार तिकिटं घेऊन तीच कित्येकांना विकलेली. कोड म्हणजे एक नंबर. त्याची प्रत काढा, शंभर प्रती काढा, यंत्र पहिल्याला आत सोडतं आणि बाकीच्यांना पीं. ८.५२ला आत गेलेलं कुटुंबही बिचारं आमच्यासारखंच असेल, फक्त त्यांची मुलं लवकर उठणारी. फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आत शिरताना बोट टेकवायला लावतात आणि तिकीट त्या माणसाशी बांधून टाकतात, ते एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणूनच. बऱ्याच दिवसांच्या तिकिटातले उरलेले दिवस परस्पर विकायचा धंदा तिथे जुना आहे.

गेटबाहेरच्या बाकावर बसल्यावर आमच्याकडून दुसरी चूक होता होता राहिली. तिकिटाच्या तळाशी ‘मदत क्रमांक’ होता. नवऱ्याने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. तिथेच समजायला हवं होतं, कुठली मदत पहिल्या घंटीला येते! भयंकर नम्र आवाज. ‘सर, सिस्टिम एरर आहे, पूर्ण रिफंड देतो, दहा मिनिटांत. फक्त एक ॲप टाका, मी तुमच्या स्क्रीनवर फॉर्म भरून देतो.’ नवरा ॲप शोधायला लागला. धाकटा ‘शू, शू’ करत माझा कुडता ओढत होता, थोरली अजून गेटला चिकटलेली, मी कोणाकडे बघू?

सासूबाई म्हणाल्या, “अरे, पैसे त्याने द्यायचेत ना? मग तुझा फोन त्याला कशाला बघायचाय?”

“आई, फॉर्म भरायचाय.”

“घेताना फॉर्म भरला होता त्याने?”

नवऱ्याने फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. पलीकडून आवाज येतच होता, ‘सर, ओटीपी येईल, तो वाचून दाखवा.’ फोन बंद केला. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असतं, तर बँकेचं ॲप उघडताना आमचं सगळं त्याला दिसलं असतं. ज्याने एकदा फसवलं तोच परतावा द्यायच्या मिषाने दुसऱ्यांदा हात घालतो. पैसे परत घ्यायला ना ओटीपी लागतो ना पिन. सासूबाईंना ओटीपीचं लांबरूपही सांगता येणार नाही.

तिथूनच बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं, व्यवहार क्रमांक दिला, तक्रारीची पावती मिळवली. पोलिसांच्या सायबर विभागाकडेही तक्रार नोंदवली. चॅट पुसली जाईल म्हणून मैत्रिणीने आधी स्क्रीनशॉट काढायला लावले होते, बरं झालं, संध्याकाळपर्यंत साइटच गायब. पैसे आलेले नाहीत. तक्रार ‘प्रक्रियेत’ आहे.

खिडकीवर जाऊन पुन्हा तिकिटं काढली. खिडकीतल्या बाईंनी धाकट्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “याचं काही नाही.” बस्, एवढंच. रिस्टबँड नाही, दाखला नाही.

वाटतं तितकं आपण एकटे मूर्ख नसतो, म्हणून एक गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं, तेव्हा पहिला दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. पण निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त, अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं आत शिरली, कारण बनावट तिकिटं फिरत होती. म्हणजे या धंद्याचं वय खुद्द पार्काएवढंच आहे. फरक इतकाच, की त्या दिवशी बनावट तिकीटवाले आत पोचले होते. आम्ही बाकावर.

आत गेल्यावर काय केलं म्हणाल, तर धाकट्याने हात धुवायच्या बेसिनचा नळ शोधला. हात खाली धरला की पाणी येतं, काढला की थांबतं. पंचवीस मिनिटं तिथून हलला नाही. थोरली तीन वेळा घोड्यांच्या चक्रात बसली, तिन्ही वेळा पांढऱ्याच घोड्यावर. एक वाजता धाकटा बाबागाडीत झोपला आणि मी त्या चॅटवाल्याने सांगितलेला सावलीतला कोपरा शोधला. कोपरा खरंच होता. मेल्याने पार्क पाहिलेलं होतं.

ती खोटी तिकिटं मी घरी छापून ठेवली होती, फोन बंद पडला तर असू देत म्हणून. थोरलीने ती ताब्यात घेतली आहेत. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवते, कागदावर चमचा फिरवते. “पीं. वापरलंय. बाजूला व्हा प्लीज.”

आजीला मात्र आत सोडते.