सहा तारांवरचा गोंधळ

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा भागातील एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका शनिवारी गिटारवादनाची मैफल होते. तिकीट तीनशे रुपये असून त्यात एक चहा किंवा कॉफी मिळते; खुर्च्या साधारण साठ आहेत आणि साडेसातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू होतो, हे आता सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. वादक तिशीच्या आतला, मराठवाड्यातलाच. पूर्वार्धात तो लोकप्रिय हिंदी आणि इंग्रजी गाण्यांच्या धुनी वाजवतो. त्या नीटस वाजतात, टाळ्या मिळवतात आणि जिना उतरेपर्यंत विसरल्याही जातात. या मैफलीची खरी ख्याती मध्यंतरानंतरच्या एका रचनेवर उभी आहे. गोंधळातले देवतांचे आवाहन तो शब्दांशिवाय आणि दुसऱ्या कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय, केवळ एका साध्या लाकडी गिटारवर वाजवतो, आणि तेवढ्या वीस-बावीस मिनिटांसाठी जालन्याहून, बीडहून माणसे येतात. त्यामुळे हे परीक्षण त्या एका रचनेचे आहे, आणि थोडे तिच्या चाहत्यांचेही.

गोंधळ म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. एका अंगाला तुळजापूरची भवानी आणि दुसऱ्या अंगाला माहूरची रेणुका असताना, लग्नानंतर घरात चौक मांडला गेला नाही, दिवटी पाजळली गेली नाही, अशी घरे इथे पूर्वी थोडीच असत. गोंधळ्यांमध्येही कदमराई भवानीचे आणि रेणुराई रेणुकेचे, अशी वाटणी आहे. गिटारवादकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, आवाहन हा गोंधळाचा सर्वांत उघडा भाग असतो. मुख्य गोंधळी एकेका क्षेत्राच्या दैवताला नावाने हाक मारतो, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा. आणि प्रत्येक हाकेनंतर त्याचा साथीदार गोंधळाला येण्याच्या विनवणीची झील, म्हणजे पालुपद, धरतो. चाल जवळजवळ तीच राहते, बदलते ते नाव. म्हणजे या गाण्यातली सारी विविधता शब्दांत साठवलेली आहे, आणि शब्द काढून टाकले की हाती उरते ती एक लहानशी, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, टुणटुणे या एका तारेच्या वाद्याचा एकच स्वर आणि संबळ या दोन तोंडांच्या तालवाद्याचा ठेका. एवढ्या सामग्रीवर वीस मिनिटे श्रोत्यांना धरून ठेवायचे तर वादकापुढे दोनच वाटा असतात. एक, ओळीवर मिळतील तेवढे अलंकार चढवणे. दुसरी, त्या पुनरावृत्तीवर विश्वास टाकणे. या वादकाने पहिली सोळा-सतरा मिनिटे दुसरी वाट धरली आहे, आणि माझ्या मते त्याचे मोठेपण तेवढ्यातच आहे.

त्याला ही वाट धरता येते ती आधी गिटारच्या मिळवणीमुळे, म्हणजे तारा ज्या स्वरांत लावल्या आहेत त्यामुळे. नेहमीच्या मिळवणीतली पहिली, दुसरी आणि सहावी तार तो प्रत्येकी एका पूर्ण स्वराने उतरवतो. त्यामुळे खर्जाकडून मोजत आल्यास सहा तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा लागतात. गिटारवाल्यांच्या बोलण्यात हिला डॅडगॅड म्हणतात. पांढरी दोन, म्हणजे डी, हा षड्ज (सा) धरला, तर हीच मिळवणी सा, प, सा, म, प, सा अशी होते, आणि मग ती परकी राहत नाही. तिच्यात गंधार, म्हणजे ग, नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. गिटारची नेहमीची मिळवणी वादकाला प्रत्येक सुराखाली आपोआप कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर, धरायला लावते, आणि कॉर्ड धरली की त्यातला गंधार आधीच ठरून जातो. मग लोकगीताची चाल त्या ठरलेल्या गंधाराच्या दावणीला बांधली जाते. आपल्याकडच्या अनेक ‘फ्यूजन’ प्रयोगांत लोकगीत एकाएकी जाहिरातीतल्या गाण्यासारखे का ऐकू येते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. डॅडगॅडमध्ये खाली केवळ षड्ज-पंचम घुमत राहतात आणि गंधार कसा लावायचा, हे चालीच्या मर्जीवर राहते. हा तरुण चौथ्या तारेवरचा तिसरा पडदा, म्हणजे कोमल गंधार, दाबतो आणि तार बोटाने किंचित ओढतो, त्यामुळे गंधार कोमलापेक्षा थोडा वर आणि शुद्धापेक्षा पुष्कळ खाली असा लागतो. गोंधळ्याच्या मोकळ्या गळ्यातून येणाऱ्या गंधाराच्या इतक्या जवळ पडद्यांचे वाद्य जाऊ शकते, हे मी या मैफलीत प्रथमच ऐकले.

ही मिळवणी रूढ केली ती इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहॅम या वादकाने, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस. मोरोक्कोत उद हे वाद्य ऐकल्यानंतर त्या वादकांबरोबर आपल्यालाही वाजवता यावे, म्हणून त्याने गिटारच्या तारा अशा उतरवल्याचे सांगितले जाते. पुढे तिकडच्या लोकगीतांच्या वादकांनी ती उचलून धरली, आणि पिएर बेन्सुसाँसारख्या फ्रेंच वादकाने तर आपले सारे वादन तिच्यावरच उभे केले. एका आधारस्वरावर मोकळी चाल गाणाऱ्या लोकांचे संगीत गिटारला पेलावे, म्हणून शोधलेली ही युक्ती आहे. गोंधळाला ती मानवली, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. मध्यंतरानंतर वादक या सगळ्याविषयी पाच-सात मिनिटे बोलतो. बोलतो बरे, पण तेवढा वेळ तार जुळवण्यात घालवला असता तरी चालले असते, कारण उतरवलेल्या तारा पहिल्या काही मिनिटांत पुन्हा हलतात आणि पंचम जरा चढतो.

आता अंगठ्याविषयी, कारण ऐकण्यासारखे आणि पाहण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे. उजव्या तळहाताची कड तो घोडीलगत, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांवर अगदी हलकी टेकवतो आणि अंगठ्याच्या नखाने चौथी तार घोडीजवळच छेडतो. तार पूर्ण घुमत नाही, पूर्ण मिटतही नाही. ‘टुण’ असा आखूड, चामड्यातून आल्यासारखा आवाज निघतो. ज्यांनी टुणटुणे जवळून पाहिले आहे, त्यांना याचे कारण सहज कळेल: टुणटुण्याची तार पोकळ लाकडी नळकांड्याच्या बुडाला मढवलेल्या कातड्यातून निघते, त्यामुळे तिचा नाद लांबत नाही, लगेच दबतो. तो दबलेपणा या वादकाने तळहाताच्या कडेने आणला आहे. हा अंगठा आवाहनाच्या आरंभी सुरू होतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत थांबत नाही. संबळाचे काम मधूनमधून होते: मोठ्या तोंडाचा आवाज घोडीखालच्या लाकडावर तळहाताने, तर लहान तोंडाचा करंगळी आणि अनामिकेच्या टोकांनी गिटारच्या कडेवर. त्या जागेचे पॉलिश उडून खालचे पांढरट लाकूड उघडे पडले आहे, ते दुसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसते. उतरवलेली सहावी तार ढिली पडून पडद्यांवर खरखरू नये, म्हणून तो नेहमीच्या ०.०५३ इंचाऐवजी ०.०५६ इंच जाडीची तार लावतो, असे त्याने बोलता बोलता सांगितले. ऐकताना त्याचा लाभ जाणवतो. खर्जाचा षड्ज अंगावर येत नाही, पण जमिनीसारखा पायाखाली राहतो.

या अंगठ्यावर आवाहनाची ओळ येते ती तिसऱ्या तारेवर. पहिली हाक मध्यमावरून चढत जाते, वरच्या षड्जाला टेकते आणि खाली उतरते. त्यानंतर झील येणार, अशी श्रोत्याची अपेक्षा असते. पण वादक पहिल्या दोन हाकांनंतर झील वाजवतच नाही. तेवढी जागा तो मोकळी सोडतो आणि तिच्यात केवळ अंगठ्याचा ‘टुण’ चालू राहतो. याचा परिणाम विलक्षण होतो. ज्यांना आवाहन पाठ आहे, ते श्रोते त्या मोकळ्या जागेत ओठांतल्या ओठांत झील म्हणू लागतात. मागच्या रांगांतून दबकी गुणगुण येते. तिसऱ्या हाकेपासून तो खालच्या दोन तारांवर झील धरतो. पुढे तीच ओळ एकदा वरच्या सप्तकात, एकदा खर्जात आणि एकदा बाराव्या पडद्यावर तारांना नुसते बोट टेकवून काढलेल्या स्वरांत येते, आणि त्या वेळी झांजेच्या किणकिणीचा भास होतो. नाव कोणत्या दैवताचे, हे तो सांगत नाही, तरीही तेव्हा माझ्या शेजारच्या बाई हलकेच ‘योगेश्वरी’ म्हणाल्या. त्या अंबाजोगाईकडच्या असाव्यात, हा माझा तर्क; दुसऱ्या कोणाला त्याच जागी रेणुका ऐकू आली असेल. शब्द काढून टाकल्यामुळे ही रचना पोकळ होईल, अशी जी धास्ती होती, ती या भागात पार निघून जाते.

चाहत्यांचे म्हणावे तर त्यांचे प्रेम खरे आहे, पण ते चुकीच्या ठिकाणी अधिक दाट झाले आहे. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात जे ऐकू येते, त्यात ‘बोटं दिसतच नाहीत’ हे वाक्य हटकून असते. मोबाइलवर टिपलेल्या ज्या चित्रफिती एकमेकांना पाठवल्या जातात, त्याही शेवटच्या चार-पाच मिनिटांच्या असतात. या शेवटच्या भागात लय दुप्पट होते, अंगठा थांबतो, दोन्ही हात पडद्यांवर येतात आणि तारा बोटांनी ठोकून सुरांची सरबत्ती सुरू होते. तयारी निर्विवाद आहे. पण टुणटुणे बंद पडले की गोंधळ राहत नाही, उरते ते गिटारचे कसब, आणि तसे कसब दाखवणारे वादक पुण्या-मुंबईत ढिगाने मिळतील. गोंधळातही लय चढते, हे मान्य. परंतु तिथे ती संबळ चढवतो आणि टुणटुणे जागचे हलत नाही, म्हणूनच चढलेली लय चढलेली वाटते. त्यात भर म्हणजे अगदी शेवटी हा वादक एक भरगच्च कॉर्ड घेतो, आणि तिच्यात शुद्ध गंधार आहे! वीस मिनिटे ज्या स्वराला त्याने इतक्या नाजूकपणे अधांतरी ठेवले, त्याला शेवटच्या क्षणी साखरेच्या पाकात बुडवण्याचे काय प्रयोजन होते, ते कळत नाही. टाळ्या मात्र त्याच कॉर्डला पडतात.

मी ऐकलेल्या एका मैफलीला गोंधळी घराण्यातले एक वयस्क संबळवादक श्रोत्यांत होते. कार्यक्रमानंतर वादक त्यांच्या पाया पडला आणि ‘मामा, कसं झालं?’ असे त्याने विचारले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, चौथी तार अंगठ्याने दोनदा छेडून पाहिली आणि म्हणाले, ‘तार जरा उतरलेली हाय, आमची लई चढी असती. पण धरलंस बरोबर. शेवटाला सोडलंस कामून?’ वादक हसला आणि लोकांना ते आवडते, असे काहीसे म्हणाला. मामांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे सांगणे कठीण आहे. सगळ्या चाहत्यांच्या कौतुकात मला या एका प्रश्नाचे मोल जास्त वाटले, आणि वादकाने तो हसण्यावारी नेला नसावा, अशी आशा आहे, कारण त्याच्यापाशी कान आहे.

आयोजनाबाबत दोन तक्रारी. ध्वनियोजना पाहणारी व्यक्ती गिटारच्या घोडीखालच्या पिकअपचा, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या साधनाचा, आवाज थेट स्पीकरला देते आणि त्यावर भरपूर प्रतिध्वनी चढवते. पिकअपमुळे तारेचा आवाज कोरडा आणि प्लॅस्टिकचा होतो, आणि प्रतिध्वनीमुळे ज्या दबलेल्या ‘टुण’साठी वादकाने एवढी खटपट केली, तोच लांबतो. साठ माणसांच्या खोलीत गिटारसमोर एक चांगला माइक पुरेसा आहे. खरे तर पहिल्या तीन रांगांना तोही लागणार नाही. दुसरी तक्रार खालच्या मजल्यावरील कॉफी दळण्याच्या यंत्राची. आवाहन चालू असताना तेवढा वेळ ते बंद ठेवण्यास काही हरकत नसावी. चहा चांगला आहे, गरम मिळतो. खाण्याचे पदार्थ महाग आणि बेताचे आहेत, त्यामुळे जेवूनच जावे.

याच रचनेचे ध्वनिमुद्रण वादकाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे, परंतु त्यावरून मैफलीविषयी मत बनवू नये. मुद्रणात मागे की-बोर्डचे लांबवलेले सूर आणि यंत्रावरचा तबला घातलेला आहे, आणि त्या दोन मोकळ्या जागा, जिथे श्रोते झील म्हणतात, त्या भरून टाकलेल्या आहेत. प्रत्यक्ष मैफलीलाच जावे. तीनशे रुपये वाया जात नाहीत. बसताना मंचासमोर डाव्या बाजूची, पहिल्या दोन रांगांतली खुर्ची पाहावी, म्हणजे उजवा अंगठा स्पष्ट दिसतो आणि स्पीकरपेक्षा गिटारचा स्वतःचा आवाज अधिक ऐकू येतो. या खुर्च्या आधी भरतात, म्हणून सातच्या आत पोहोचलेले बरे.